सुईची भीती आणि नोंदीची उणीव

हुपरीत चांदीच्या कामावर बसलेल्या माणसाच्या हाताला जखम होणे ही काही सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. पत्रा कापताना बोट कापते, तारेचे टोक तळव्यात घुसते, मुशीजवळ चटका बसतो. फडके गुंडाळून काम पुढे चालू राहते. जखम थोडी खोल असली, किंवा जमिनीवर पडलेल्या गंजक्या हत्याराची असली, तर मालक त्याला कामावरून उठवतो आणि म्हणतो, "जा, आधी धनुर्वाताची सुई घेऊन ये." ही रीत जुनी आहे आणि ती चांगल्या हेतूने पडलेली आहे.

गेल्या पावसाळ्यात माझा एक माजी विद्यार्थी घरी आला. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन तो वडिलांच्याच धंद्यात, पैंजणांच्या कामात, स्थिरावला आहे. त्याचा डावा दंड खांद्यापासून कोपरापर्यंत सुजलेला होता, लाल झाला होता आणि हात लावू देत नव्हता. तळव्यात तार घुसली म्हणून त्याने आदल्या दिवशी सुई घेतली होती. चौकशी करता कळले की वर्षभरातली ही तिसरी सुई. प्रत्येक वेळी जखम वेगळी, दवाखाना वेगळा आणि डॉक्टरही वेगळा. चार दिवस काम बुडणार हे उघड होते. पण त्याच्या बोलण्यातली खरी चिंतेची बाब पुढेच होती. "सर, ही सुईच बाधली बघा. आता घरात कुणाला टोचू देणार नाही." त्याची पत्नी पाच महिन्यांची गर्भवती होती. आशाताई दोनदा बोलावून गेल्या होत्या, आणि दोन्ही वेळा तिला परत पाठवले गेले होते.

अशा माणसाला अडाणी म्हणून मोकळे होण्याची आपल्या शिक्षित समाजाला खोड आहे. मला ती मान्य नाही. त्याचा अनुभव खोटा नव्हता. सूज खरी होती, बुडालेली मजुरीही खरी होती. चूक होती ती त्या अनुभवावरून काढलेल्या अनुमानात, आणि त्या चुकीला तो एकटा जबाबदार नव्हता. मी वैद्यकाचा अभ्यासक नव्हे, अर्थशास्त्र शिकवतो. परंतु 'लस सुरक्षित आहे काय?' हा प्रश्न मुळात हिशेबाचा आहे. कोणाला, किती वेळा, कशाच्या तुलनेत, आणि हे सारे कोणी लिहून ठेवले आहे, हे विचारल्यावाचून त्याला उत्तर नाही.

प्रथम ज्या रोगाशी तुलना करायची तो पाहू. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात, गुराघोड्यांच्या आतड्यांत असतात. त्यांची बीजे उन्हाने करपत नाहीत आणि साध्या उकळीलाही सहसा दाद देत नाहीत. खोल, कोंडलेल्या जखमेत, जिथे हवा पोहोचत नाही, तिथे ती रुजतात आणि एक विष सोडतात. जबडा मिटतो, पाठ धनुष्यासारखी ताणली जाते. आपल्या पूर्वजांनी रोगाला नाव दिले ते डोळ्यांनी पाहूनच. हे विष इतके जहाल असते की प्राण घेण्यास पुरेशी मात्रासुद्धा शरीराला प्रतिकार शिकवण्यास पुरी पडत नाही. म्हणून धनुर्वातातून वाचलेल्या माणसाला तो पुन्हा होऊ शकतो, आणि रुग्णालयातून घरी पाठवतानाही त्याला लस द्यावी लागते. 'एकदा रोग होऊन गेला की अंग घट्ट होते' हा गोवराच्या बाबतीतला खरा अनुभव इथे लागू पडत नाही.

अर्थशास्त्राच्या वर्गात लसीकरणाचे उदाहरण आम्ही नेहमी 'बाह्य परिणाम' शिकवताना घेतो. शेजाऱ्याच्या मुलाने गोवराची लस घेतली तर माझ्याही मुलाचा धोका कमी होतो. त्यामुळे स्वतः लस न घेता इतरांच्या लसीवर सुरक्षित राहणारा एक फुकटा प्रवासी निर्माण होतो. पुरेसे लोक फुकटे झाले की गाडीच थांबते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडीच्या वस्तीत, गोवराची साथ आली आणि मुले दगावली, ती लसीकरणात अशीच खिंडारे पडल्यामुळे. धनुर्वाताच्या बाबतीत मात्र हे उदाहरण पूर्णपणे कोसळते. हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही. सगळ्या हुपरीने लस घेतली आणि एकट्याने घेतली नाही, तर त्या एकट्याचा धोका तसूभरही कमी होत नाही. माती तीच राहते. इथे फुकटा प्रवास नाही. देवीचा रोग पृथ्वीवरून गेला आणि त्याची लस बंद करता आली. धनुर्वाताचे तसे कधी होणार नाही, कारण आपण माती नष्ट करू शकत नाही.

या नियमाला एकच अपवाद आहे, आणि तो माझ्या विद्यार्थ्याच्या घराशी निगडित होता. आईने घेतलेल्या लसीचे संरक्षण नाळेवाटे बाळापर्यंत जाते. जन्माच्या वेळी बाळाला दुसरे कोणतेही कवच नसते. बाळाची स्वतःची धनुर्वाताची लस दीड महिन्याला सुरू होते आणि नवजात धनुर्वात मारतो तो बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच.

माझ्या आजीची दोन मुले अशीच गेली. पहिले दोन दिवस बाळ चांगले अंगावर पीत असे. मग ओठ आवळले जात, दूध ओढता येत नसे, स्पर्श झाला की अंग ताठ होई. घरातल्या बायका सटवाईला बोल लावीत. नाळ कापायचे विळीचे पाते आणि नाळेवर लावायची राख किंवा शेण यांच्याकडे कोणाची नजर गेली नाही. आजी हे सांगताना कधी रडत नसे. तिच्या पिढीतल्या बायका असे सांगत, जणू एखाद्या वर्षी पाऊस पडला नाही. १९८० च्या दशकातही भारतात नवजात धनुर्वाताची दरवर्षी दीड ते दोन लाख प्रकरणे होत असावीत असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. गर्भवतींना लस, रुग्णालयातील बाळंतपण आणि स्वच्छ पाते या तीन साध्या गोष्टींनी हे चित्र पालटले. मे २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे प्रमाणित झाले. निर्मूलनाचा इथला अर्थ मात्र समजून घ्यायला हवा: प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी प्रकरण. रोग गेला असा त्याचा अर्थ नव्हे. दारे लावून घेतली आहेत, एवढाच.

आता लसीच्या बाजूचा जमाखर्च. धनुर्वाताच्या लसीत जिवंत जंतू नसतो, मेलेलाही नसतो; जंतूचे विष रासायनिक प्रक्रियेने निर्विष करून त्यात घातलेले असते. त्यामुळे लसीने धनुर्वात होणे शक्यच नाही. दंड दुखणे मात्र अगदी सामान्य आहे; पुनर्मात्रा घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांचा दंड दुखतो आणि काहींना सूज व कणकण येते. याहून गंभीर अशा दोन गोष्टी नोंदल्या गेल्या आहेत. खांद्याच्या मज्जातंतूंना सूज येऊन हात काही काळ दुर्बळ होणे, हे दहा लाख मात्रांमागे पाच ते दहा जणांना. तीव्र अधिहर्षता, म्हणजे श्वास कोंडून रक्तदाब एकदम उतरणे, दहा लाखांमागे एकेरी आकड्यात. ही दुसरी गोष्ट बहुधा पहिल्या काही मिनिटांत घडते आणि वेळीच औषध दिल्यास माणूस वाचतो. टोचल्यावर अर्धा तास थांबवतात ते त्यासाठीच. अर्धा तास थांबायचे सोडून रिक्षा पकडणाऱ्यांत माझ्यासारखे सुशिक्षितच अधिक असतात, हे इथे कबूल केले पाहिजे.

मग माझ्या विद्यार्थ्याचा दंड का सुजला? याचे उत्तर अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षाच्या पुस्तकात आहे. त्या लहानपणी त्याला तिहेरी लसीच्या मात्रा मिळाल्या होत्या, दहाव्या व सोळाव्या वर्षी शाळेतही सुया मिळाल्या होत्या. असे प्राथमिक लसीकरण पूर्ण असलेल्या माणसाला साध्या, स्वच्छ जखमेसाठी दहा वर्षांत आणि मातीने मळलेल्या खोल जखमेसाठी पाच वर्षांत मात्रा मिळालेली असेल, तर नव्या मात्रेची गरज नसते. त्या वर्षीची पहिली सुई कदाचित उपयोगी पडली असेल. दुसरीची सीमांत उपयोगिता शून्य होती. तिसरीची ऋण ठरली. रक्तात प्रतिद्रव्ये आधीच भरपूर असताना पुन्हा मात्रा टोचली की ती जागेवरच एकमेकांशी भिडतात आणि काही तासांत सारा दंड फुगतो. म्हणजे त्याला बाधली ती लस नव्हे, तिची अकारण पुनरावृत्ती.

ही पुनरावृत्ती आपल्याकडे सर्रास चालते. 'दर सहा महिन्यांनी धनुर्वाताची सुई' हा समज तर इतका दृढ आहे की तो एखाद्या शासकीय परिपत्रकातून आला असावा असे वाटते! यात डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे. पण त्यांच्या खुर्चीत बसून पाहा. समोर रक्ताळलेला हात, आधीची सुई कधी घेतली हे रुग्णाला आठवत नाही, कागद कोणताच नाही, लसीची किंमत किरकोळ आणि रोग प्राणघातक. अशा अपुऱ्या माहितीच्या स्थितीत सुई देणे हाच शहाणपणाचा निर्णय ठरतो. प्रत्येक डॉक्टर आपापल्या जागी बरोबर वागतो आणि सगळ्यांचे मिळून फलित चुकीचे निघते. माहितीच्या अभावी बाजार कसा फसतो याचे याहून घरगुती उदाहरण मला वर्गासाठी मिळालेले नाही.

याच्या उलट टोकाला जे उभे आहेत त्यांच्याकडे तर आपले लक्षच नाही. साठी ओलांडलेल्या किती स्त्रियांनी शेवटच्या बाळंतपणानंतर ही लस घेतली आहे? किती वृद्ध शेतकऱ्यांनी ती कधीतरी घेतली आहे? हुपरी-यळगूड परिसरातील साखर कारखान्याच्या हंगामात बाहेरच्या जिल्ह्यांतून कोयता घेऊन येणाऱ्या ऊसतोड कामगारांचे काय? पाचटात अनवाणी वावरणाऱ्या या माणसांना पाय कापल्यावर एक सुई दिली जाते आणि काम झाले असे सर्वजण समजतात. परंतु ज्याचे प्राथमिक लसीकरण कधीच झाले नाही, त्याला जखमेनंतरच्या त्या एकट्या सुईचा त्या जखमेसाठी फारसा उपयोग नसतो. शरीराला प्रतिकार उभारायला वेळ लागतो. त्याच्या मळलेल्या जखमेला तयार प्रतिद्रव्यांचे वेगळे इंजेक्शन लागते, आणि पुढे चार आठवड्यांनी दुसरी, सहा महिने ते वर्षाने तिसरी मात्रा. तिसऱ्या मात्रेच्या वेळी तो कामगार आपल्या गावी परतलेला असतो. ज्याला गरज नाही त्याला तीन सुया आणि ज्याला तीनची गरज त्याला एक, असे हे आपले वाटप आहे.

जुन्या माणसांच्या मनातली भीती आणखी एका कारणाने आहे आणि ती निराधार नाही. त्यांच्या तरुणपणी 'धनुर्वाताचे इंजेक्शन' म्हणजे बहुधा घोड्याच्या रक्तापासून केलेले प्रतिविष असे. मुंबईच्या हाफकिन संस्थेत ते बनत असे. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट १९६६ साली निघाली तीही घोड्यांच्या पैदाशीच्या जोडीने, आणि तिचे आरंभीचे उत्पादनही हेच प्रतिविष होते. घोड्याचे परके प्रथिन काही माणसांना सोसत नसे. अंगावर पित्त उठे, सांधे सुजत, क्वचित प्राणावर बेते. म्हणून आधी चाचणीची सुई टोचून वाट पाहात. आजची लस ही सर्वस्वी वेगळी वस्तू आहे, पण बोलीभाषेत दोघींचे नाव एकच राहिले आणि एकीची अपकीर्ती दुसरीच्या वाट्याला आली.

भीतीला इतिहासही आहे. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. ते कायद्यात उतरले नाही, पण त्या काळात सरकारी सुई म्हणजे वांझ करणारी सुई, हा संशय पसरला असेल तर त्याचे आश्चर्य का वाटावे? धनुर्वाताच्या लसीत असे काही नसते. तरीही ज्या राज्यव्यवस्थेने एकदा शरीरावर बळजोरी केली, तिच्या शब्दावर लोक दुसऱ्यांदा सहजी विश्वास ठेवत नाहीत, आणि हे ओझे बिचाऱ्या आशाताईला वाहावे लागते.

तेव्हा विश्वास कशाने येतो? या प्रश्नाचे उत्तर मला एका जुन्या दुर्घटनेत सापडते. तिच्यात लस प्लेगची होती आणि मृत्यू धनुर्वाताचे. वॉल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमधील प्रयोगशाळेतून ती देशभर जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात १०७ जणांना ती टोचली गेली. त्यांपैकी १९ जण काही दिवसांत धनुर्वाताने मेले. उरलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही.

चौकशीत दिसून आले की लसीच्या पाच बाटल्या वापरल्या गेल्या होत्या आणि मेलेले सगळेच्या सगळे १९ जण एकाच बाटलीचे होते. तिचा क्रमांक होता ५३-एन. चौकशी आयोगाने दोष परळच्या प्रयोगशाळेला दिला; निर्जंतुक करण्याची पद्धत हाफकिन यांनी बदलली होती यावर बोट ठेवले गेले. त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. परंतु मूळ कागदपत्रे प्रसिद्ध झाली तेव्हा एक वेगळीच हकीगत दिसली. बाटलीचे बूच काढताना सहायकाच्या हातातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरला गेला होता. बाटली उघडताना तिला कसलाही वास नव्हता. ती मुंबईहून दूषित होऊन आली असती तर इतक्या दिवसांत वास सुटला असता. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये रोनाल्ड रॉस आणि अन्य शास्त्रज्ञांचे पत्र प्रसिद्ध झाले आणि हाफकिन दोषमुक्त ठरले. १९२५ साली परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

या हकिगतीत लोक हाफकिन यांच्यावरचा अन्याय पाहतात, आणि तो होताच. मला मात्र त्यात बाटलीवरचा क्रमांक दिसतो. विजेचा दिवा नसलेल्या एका खेड्यात, साथीच्या धामधुमीत, कोणत्या माणसाला कोणत्या बाटलीतून टोचले हे कोणीतरी लिहून ठेवले होते. ती नोंद नसती तर '१०७ पैकी १९ मेले' एवढेच उरले असते आणि लस कायमची बदनाम झाली असती. नोंद होती म्हणून लस, कुपी आणि चिमटा यांत भेद करता आला.

हा भेद आजही करावा लागतो. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी येथे बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याच्या सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना उलट्या झाल्या, रुग्णालयात न्यावे लागले. सुदैवाने सर्व बचावली. या प्रकरणात पोलिओच्या लसीचा दोष शून्य आहे आणि लसीकरण व्यवस्थेचा दोष पूर्ण आहे. पण ज्या आईच्या मुलाला उलट्या झाल्या तिने 'लस निर्दोष होती' या वाक्यात समाधान मानावे अशी अपेक्षा करणे क्रूरपणाचे आहे. तिच्या दृष्टीने तो एकच बूथ आहे, एकच ताई आहे आणि एकच थेंब आहे.

दोष खरोखर लसीचा असतो तेव्हाही तो मोजून सांगितल्याने नुकसान होत नाही, लपवल्याने होते. तिहेरी लसीतील डांग्या खोकल्याचा भाग घ्या. तो संपूर्ण, मृत जंतूंचा असल्याने जवळजवळ निम्म्या बाळांना ताप येतो. काही बाळे तासन्‌तास रडतात. काही हजारांत एखाद्याला तापाबरोबर झटका येतो. हे त्रास बहुतेक तात्पुरते असतात. १९७४-७५ च्या हिवाळ्यात जपानमध्ये ही लस घेतल्यानंतर दोन बाळे दगावली आणि सरकारने लस थांबवली. नंतर ती पुन्हा सुरू केली तरी लोक फिरकेनात. १९७४ मध्ये त्या देशात डांग्या खोकल्याचे ३९३ रुग्ण होते आणि मृत्यू एकही नव्हता. १९७९ मध्ये रुग्ण झाले १३,००० आणि मृत्यू ४१. ब्रिटनमध्येही त्याच सुमारास अशीच भीती पसरून लसीकरण सुमारे ८० टक्क्यांवरून ३० टक्क्यांच्या आसपास घसरले आणि पाठोपाठ लाखावर रुग्णांची साथ आली. दोन मृत्यूंना भिणे मानवी आहे. त्यांच्या जागी एक्केचाळीस येतात हे मात्र कोणाच्या डोळ्यांसमोर नसते. पण गोष्ट इथेच संपत नाही. जपानी शास्त्रज्ञांनी त्या तक्रारी धुडकावल्या नाहीत. जंतूचे निवडक घटकच घेऊन त्यांनी कमी त्रासाची लस बनवली आणि १९८१ पासून ती वापरात आली. आज आपल्या शहरांतील खासगी दवाखान्यांत 'न दुखणारी' म्हणून जादा किमतीला मिळते ती याच जातीची. तिचे संरक्षण जुन्या लसीपेक्षा लवकर ओसरते ही बाब किमतीच्या पाटीवर लिहिलेली नसते.

पोलिओचे उदाहरण तर जमाखर्च बदलला की निर्णय कसा बदलावा याचे आहे. तोंडावाटे द्यायच्या लसीतला जिवंत, दुबळा केलेला विषाणू फार क्वचित स्वतःच लकवा आणतो. देशात पोलिओने हजारो मुले पंगू होत होती तेव्हा हा धोका पत्करणे योग्यच होते. जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण आढळला नाही. मग तोच धोका जड वाटू लागला. एप्रिल २०१६ मध्ये थेंबांतील एक विषाणुप्रकार वगळण्यात आला आणि मृत विषाणूची सुई जोडीला आली. लसीचे दुष्परिणाम मान्य केल्याने कार्यक्रम कोसळला नाही, तो सुधारला.

आपल्याकडे लसीकरणानंतरच्या विपरीत घटनांची नोंद करण्याची व्यवस्था आहे, जिल्हावार समित्या आहेत. २ मे २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही. त्याच निकालात न्यायालयाने अशा विपरीत घटनांची माहिती व्यक्तींची नावे उघड न करता लोकांसमोर ठेवण्यासही सांगितले. पहिला भाग सर्वांच्या तोंडी आहे, दुसरा फारसा कोणी उच्चारीत नाही. आणि भरपाईचे काय? ब्रिटनने १९७९ साली आणि अमेरिकेने १९८६ साली लसीने अपाय झालेल्यांसाठी कायदे केले. दहा लाखांत पाच जणांना त्रास होणार हे ठाऊक असताना उरलेल्या लाखोंच्या हितासाठी आपण लस देतो, तर त्या पाच जणांचा खर्च त्यांच्याच घरावर टाकणे कोणत्या न्यायात बसते? विम्याचे तत्त्व आम्ही अकरावीपासून शिकवतो. ते इथेही लागू करावे, आणि त्यासाठी कोणाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची अट पीडितावर लादू नये.

पण दिल्लीत जे व्हायचे ते होवो. हुपरीत काय करता येईल? इथे चांदी कारागिराच्या हाती देताना तोलून दिली जाते, दागिना परत घेताना पुन्हा तोलला जातो, मधली घट ग्रॅमच्या अंशापर्यंत वहीत मांडली जाते. टंचात फरक निघाला तर नाते तुटते. हिशेबात एवढे काटेकोर असलेल्या गावात, कारागिराच्या अंगात धनुर्वाताची शेवटची मात्रा कोणत्या वर्षी गेली हे मात्र त्याला, त्याच्या मालकाला आणि त्याच्या डॉक्टरला, तिघांनाही ठाऊक नसते. करोनाच्या लसीचे प्रमाणपत्र प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीत आहे. गर्भवती आणि बालकांच्या लसींची नोंदही आता 'यू-विन' या संगणकीय व्यवस्थेत होऊ लागली आहे. सुटला आहे तो मधला कष्टकरी, ज्याचा हात रोज कापतो.

मी माझ्या विद्यार्थ्याला यातले निम्मे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "मग तिला द्यायची ती आणि मला दिलेली, एकच का?" जवळपास एकच, मी म्हणालो, हल्ली तीत घटसर्पाचा थोडा अंश मिसळलेला असतो. तिला यापूर्वी कधी दिली होती, हे मी विचारले. त्याला माहीत नव्हते. तिने स्वतः, दाराआडून, सांगितले की सोळाव्या वर्षी शाळेत दिली होती आणि तेव्हा एक दिवस दंड दुखला होता. पुढच्या बुधवारी ती आशाताईंबरोबर गेली. महिन्याने दुसऱ्यांदाही गेली. दुसऱ्या खेपेस तिला रात्रभर कणकण होती, हे तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर आशाताईंनी लिहिले आहे.

त्याच्या वडिलांच्या कारखान्यात सात माणसे बसतात. चांदीच्या देण्याघेण्याच्या वहीचे शेवटचे पान आता त्यांच्या नावांनी भरले आहे. चार नावांपुढे वर्ष आहे, एकापुढे प्रश्नचिन्ह आहे. उरलेली दोन माणसे साठीच्या पुढची आहेत. त्यांच्यापुढची जागा अजून कोरी आहे.